डोक्यावरचे चौदा

(द्वितीय वर्ष बी. ए.)

वार्षिकांकासाठी काय लिहिणार, असे सरांनी विचारले तेव्हा मी म्हणाले, "अणूवर लेसर सोडला तर काय होते, त्यावर." सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, परत घातला आणि विचारले, "तू मराठी विषयाचीच ना?" मी मराठीचीच. दहावीला विज्ञानात काठावर उत्तीर्ण झाले आणि त्यानंतर त्या वाटेला गेले नाही. तरीही या विषयावर लिहिणे मला भाग आहे. त्यात माझ्या हातून घडलेली एक चूक आहे, आणि ती कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय मला स्वस्थता लाभणार नाही.

कॉलेज सुटले की दुपारी एक ते सहा मी एका डी.टी.पी.च्या दुकानात काम करते. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, सातबाराच्या झेरॉक्स, नोकरीचे ऑनलाइन अर्ज असे काय वाट्टेल ते तिथे येते. मे महिना आला की प्रबंध येतात. प्रबंध टाइप करायचा असतो, वाचायचा नसतो, हा आमच्या मालकांचा पहिला नियम. वाचत बसले की हात मंदावतो, असे ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. ऊस, भूजल, संत साहित्य, सहकारी पतसंस्था असे कितीतरी विषय माझ्या बोटांखालून गेले आहेत. डोक्यात एकही शिरला नाही.

गेल्या मे महिन्यात भौतिकशास्त्राच्या एक संशोधक बाई आल्या. प्रबंधाचा विषय होता तीव्र लेसर क्षेत्रातील अणूचे संगणकावरील सिम्युलेशन. त्यांचा जुना संगणक बंद पडला होता आणि मूळ फाइल नव्या संगणकावर नीट उघडत नव्हती. हाताशी होती ती पीडीएफ. मजकूर तिच्यातून उचलायचा, वर्डमध्ये टाकायचा आणि मार्गदर्शकांनी सांगितलेल्या दुरुस्त्या करायच्या, असे काम होते. मी ते पाच दिवसांत उरकले. चार प्रती छापल्या. संध्याकाळी सात वाजता बाइंडरचा मुलगा गठ्ठे न्यायला येणार होता आणि दुसऱ्या दिवशी प्रबंध सादर करण्याची शेवटची तारीख होती.

साडेपाचच्या सुमारास मी पाने जुळवत बसले होते. एका पानावर आलेख होता. आलेख म्हणजे चित्र, ते जसेच्या तसे आलेले. त्याच्या खाली इंग्रजीत तीव्रता लिहिली होती, आणि तिथे दहाच्या डोक्यावर, उजवीकडे, बारीक अक्षरात चौदा होते. शेजारच्याच परिच्छेदात, जो मी उचलून टाकला होता, तीच तीव्रता होती. तिथे मात्र चौदा डोक्यावरून उतरून दहाच्या पंगतीला येऊन बसले होते. १०१४. एक हजार चौदा.

मी मागची पाने उलटली. तिथेही १०१४. पुढे एके ठिकाणी १० चा उणे १८ वा घात असायला हवा होता, तिथे '१०-१८ सेकंद' असे छापलेले. कुणी वाचले असते तर त्याला दहा ते अठरा सेकंद वाटले असते. पीडीएफमधून मजकूर उचलताना डोक्यावरचे सगळे आकडे खाली घसरले होते आणि पाच दिवसांत माझ्या ते लक्षात आले नव्हते.

यापुढचे लिहिताना हात अडखळतो. मी ते पान गठ्ठ्यात परत घातले, आणि गठ्ठ्यावर वजन ठेवले. मनात आले, कोण बघणार आहे? पान किती स्वच्छ दिसत होते! समास सरळ, अक्षर एकसारखे. आपल्या प्रबंधातले आपल्यालाच दिसत नाही, हे मी दुकानात रोज बघते. कबूल केले तर पुन्हा छपाई, मालकांची बोलणी, पगारातून कपात आणि साडेसहाची गाडी चुकणार. त्या गाडीनंतर आमच्या गावाला दुसरी एस.टी. नाही.

सहाला बाई आल्या. येताना पेढे घेऊन आल्या होत्या. पहिला पेढा त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "सहा वर्षं झाली गं याला." पेढा हातात तसाच राहिला. मी म्हणाले, "मॅडम, चौदा खाली आलाय."

त्यांना आधी कळलेच नाही. कळले तेव्हा त्या स्टुलावर बसल्या. मालक ओरडले, ते ओरडणारच. पण मग त्यांनीच बाइंडरला फोन करून सकाळी नऊपर्यंत थांबवले आणि मला म्हणाले, "कागद दुकानाचा, वेळ तुझा." आम्ही दोघींनी संगणकाला १०१४ शोधायला लावले. त्रेचाळीस ठिकाणी सापडले. उणे घातांचे आणखी बरेच निघाले, ते डोळ्यांनी पाने चाळून शोधावे लागले. एकेक आकडा उचलून पुन्हा डोक्यावर बसवला. काम संपले तेव्हा पावणेदहा झाले होते.

मी घरी फोन लावला. आबा म्हणाले, "कुणाकडं ऱ्हाणार? बाईमाणूस हाय का? द्या बरं फोन त्यांच्याकडं." बाई त्यांच्याशी बोलल्या. आबा त्यांना काय म्हणाले ते मला ठाऊक नाही, पण बाईंनी दोनदा "हो, जेवूनच झोपू" असे सांगितले.

त्यांच्या भाड्याच्या खोलीत पिठले-भात झाला. मग मी विचारले, "मॅडम, एक हजार चौदा राहिलं असतं तर काय बिघडलं असतं?" उद्धटपणा म्हणून नव्हे, मला खरेच जाणून घ्यायचे होते. ज्या आकड्यासाठी चार तास खपले तो आहे तरी काय? त्या म्हणाल्या, "मॅडम नको, ताई म्हण," आणि लॅपटॉप उघडला.

ताईंनी सांगितले ते मला समजले तसे लिहिते. आपल्या अंगावर भर दुपारचे ऊन पडते त्याची तीव्रता एका चौरस सेंटिमीटरला सुमारे एक दशांश वॅट. एक हजार चौदा वॅट म्हणजे त्याच्या दहा हजार पट. ते ऊन मोठ्या आरशांनी एका जागी गोळा करावे तर तितके होईल, त्यात लोखंडही वितळेल. पण त्या तीव्रतेच्या लेसरमध्ये हायड्रोजनचा एकटा अणू ठेवला तर त्याचा इलेक्ट्रॉन जागचा उठायचा नाही. अणुकेंद्राने त्याला फार घट्ट धरून ठेवलेले असते. दहाचा चौदावा घात झाला की मात्र प्रकाशातले विद्युत क्षेत्र त्या पकडीच्या एकोणिसाव्या हिश्श्याइतके होते. एकोणिसावा हिस्सा म्हणजे फार नव्हे असे मला वाटले होते. ताई म्हणाल्या, "भिंत पाडायला नाही पुरत, पण एका बाजूनं वाकवायला पुरतो. मग इलेक्ट्रॉन त्या वाकलेल्या भिंतीतून झिरपतो." अणूच्या जगात झिरपणे चालते म्हणे.

एवढी ताकद आणायची कुठून? लेसरच्या एका झोतात ऊर्जा असते ती एक ग्रॅमची वस्तू वीतभरही नव्हे, दहा सेंटिमीटर उचलायला लागते तेवढीच. पण ती सेकंदाच्या एक लाखकोटी भागांपैकी एका भागाहूनही थोड्या वेळात आणि सुईच्या टोकाएवढ्या जागेत कोंबलेली असते. असे कोंबायची युक्ती १९८५ मध्ये डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी काढली. २०१८ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळाले. स्ट्रिकलंड तेव्हा विद्यार्थिनी होत्या.

असे लेसर मुंबईला, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहेत. ताईंच्या वाट्याला तो आला नाही. त्यांच्या वाट्याला लॅपटॉप आला. म्हणून त्यांनी अणूही संगणकात केला आणि लेसरही संगणकात केला. याला मराठीत काय म्हणावे असा विचार करताना मला एकदम 'लुटुपुटीचा' हा शब्द सुचला. लुटुपुटीची लढाई, तसा लुटुपुटीचा अणू. ताई खूप हसल्या. म्हणाल्या, "अणू लुटुपुटीचा म्हण हवं तर. हिशेब मात्र खरा असतो."

हिशेब असा. एका रेषेवर चार हजार ठिपके घ्यायचे. मधल्या ठिपक्यावर अणुकेंद्र. प्रत्येक ठिपक्यावर इलेक्ट्रॉनच्या तरंगाचे माप लिहायचे. मग काळ एक पाऊल पुढे सरकवायचा आणि श्रोडिंगरने १९२६ मध्ये मांडलेल्या समीकरणाने चारही हजार मापे नव्याने काढायची. एक पाऊल म्हणजे साधारण एक अॅटोसेकंद, तोच तो १० चा उणे १८ वा घात, ज्याला मी दहा ते अठरा सेकंद करून ठेवले होते. एका सेकंदात जितके अॅटोसेकंद मावतात तितके सेकंद विश्वाच्या जन्मापासून अजून झालेले नाहीत, निम्मेसुद्धा झालेले नाहीत. लेसरचा एक झोत पार करायला अशी पंचवीस हजार पावले लागतात. चार हजार गुणिले पंचवीस हजार, दहा कोटी वेळा तोच हिशेब. माणसाचे आयुष्य पुरणार नाही. लॅपटॉपने तो आमचा चहा होईपर्यंत केला. एकाऐवजी दोन इलेक्ट्रॉन घेतले तर मात्र ठिपके चार हजाराचे एक कोटी साठ लाख होतात, आणि मग लॅपटॉप हात टेकतो. दोन इलेक्ट्रॉनांच्या हेलियमचा पुरा हिशेब मांडायला बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या लोकांना १९९० च्या दशकात महासंगणक लागला होता.

पडद्यावर मध्यभागी एक उंचवटा होता, पिठाच्या ढिगासारखा. तो इलेक्ट्रॉन. लेसर सुरू झाला तसा तो ढीग पाळण्यासारखा हलू लागला. मग त्याच्या एका कडेने बारीक धार सुटली आणि लांब गेली, अणूच्या त्रिज्येच्या सोळापट लांब. तेवढ्यात लेसरचे क्षेत्र उलटले. ते सेकंदाच्या इतक्या बारीक हिश्श्यात उलटते की लिहिण्यात अर्थ नाही. ती धार वळली आणि परत येऊन मधल्या ढिगावर आपटली. ढिगावर सुरकुत्या उठल्या. ताई म्हणाल्या, "आत्ता प्रकाश निघाला." लेसर तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा, त्यातून निघालेला हा प्रकाश त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट, अशा विषम पटींच्या वारंवारितेचा.

मला राहवले नाही. मी म्हणाले, "ताई, हे आमच्या गावासारखंच की. पोरं पुण्याला जातात, आणि परत येताना काहीतरी घेऊन येतात." ताईंनी माझ्याकडे पाहिले. "अगं, निम्मे परत येतच नाहीत. क्षेत्र ऐन भरात यायच्या आधी जे सुटतात ते गेलेच. भर ओसरताना सुटतात त्यांना परतीची वाट मिळते, आणि त्यातलेही बहुतेक केंद्राच्या जवळून निघून जातात. तुला उपमा द्यायची एवढी घाई का?" मी गप्प बसले. मराठीच्या विद्यार्थ्यांना ही खोड असते, हे मान्य.

हा प्रकाश प्रथम दिसला तो संगणकात नव्हे. आन लुईलिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८७ मध्ये पॅरिसजवळच्या साक्ले इथे आर्गॉनसारख्या वायूंवर लेसर सोडताना तो मिळाला. पटी वाढत गेल्या तरी प्रकाश अपेक्षेइतका मंद होईना. एका ठिकाणापर्यंत टिकून राहायचा आणि मग एकाएकी संपायचा. तो नेमका कुठे संपतो याचा नियम सापडला मात्र हिशेबातून. अमेरिकेत लिव्हरमोर इथे केनेथ कुलांडर आणि त्यांचे दोन सहकारी संगणकावर अणू मांडत होते. १९९२ मध्ये त्यांनी दाखवले की अणूतून इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा, अधिक लेसरमध्ये हेलकावताना त्याला मिळणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे तिप्पट, इथे ती मर्यादा येते. तिप्पटच का, हे १९९३ मध्ये त्यांनी आणि कॅनडातल्या पॉल कॉर्कम यांनी उलगडले: इलेक्ट्रॉन सुटतो, दूर फेकला जातो, परत येऊन आदळतो. आधी उत्तर आले, कारण मागाहून कळले. ताईंच्या हायड्रोजनला ही मर्यादा एकविसाव्या पटीला येते. मी कागदावर बेरीज आणि भागाकार करून पाहिला. खरेच एकवीस येतात. इतका आनंद मला गणिताने पूर्वी कधी दिला नव्हता.

२०२३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल लुईलिए, पिएर अगोस्तिनी आणि फेरेन्क क्राउझ यांना मिळाले. अॅटोसेकंदांचे प्रकाशझोत तयार करण्याच्या पद्धतींबद्दल, आणि त्या झोतांचे मूळ या परतणाऱ्या इलेक्ट्रॉनात आहे. स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठात लुईलिए त्या दिवशी वर्गात शिकवत होत्या. मधल्या सुट्टीत फोन घेतला, आणि पुन्हा वर्गात जाऊन तास पुरा केला. हे ताईंनी मला दोनदा सांगितले.

आता त्या रात्री मला सगळ्यांत लागलेली गोष्ट. मी म्हणाले, "ताई, माझ्यामुळं तुमची सहा वर्षं वाया गेली असती." त्यांनी एक जुना आलेख उघडला. त्यात एकविसाच्या पुढे, जिथे प्रकाश संपायला हवा तिथे, एक ठसठशीत उंचवटा होता. तिसऱ्या वर्षी तो त्यांना दिसला. काहीतरी नवे हाती लागले असे वाटले. त्यांनी लेख लिहायला घेतला, मार्गदर्शकांना दाखवला, एका चर्चासत्रातही मांडला. आठ महिने त्या उंचवट्यावर गेले. मग एकाने विचारले, "पेटी दुप्पट करून पाहिलीत?"

चार हजार ठिपके म्हणजे एक पेटीच. खऱ्या अणूभोवती भिंत नसते. सुटलेला इलेक्ट्रॉन जातो तो जातो. संगणकात मात्र ठिपके कुठेतरी संपतात. इलेक्ट्रॉनची लाट त्या शेवटच्या ठिपक्यावर आपटते आणि माघारी फिरते. जी परत यायला नको ती परत येते आणि नको तो प्रकाश देते. ताईंनी ठिपके आठ हजार केले, आणि उंचवटा नाहीसा झाला. आठ महिने त्या आपल्याच भिंतीचा प्रतिध्वनी मोजत होत्या.

"संगणकानं काहीच सांगितलं नाही?" मी विचारले.

"तो कशाला सांगेल? त्याला भिंत दिली, त्यानं भिंतीचा हिशेब केला. आलेख किती सुरेख आला होता, बघ ना."

हा दोष घालवायची रीत ठरलेली आहे. कडेच्या काही ठिपक्यांवर दर पावलाला मापे एकाहून किंचित कमी अशा आकड्याने गुणायची. लाट तिथे पोचते आणि हळूहळू विरते. मऊ मातीत पाणी जिरावे तशी. फार एकदम विरवली तर तीही भिंतच होते आणि लाट परततेच, म्हणून हळूहळू. आणि तरीही दर वेळी पेटी दुप्पट करून, पाऊल निम्मे करून पाहायचे. उत्तर बदलले तर ते उत्तर नव्हे. ताईंच्या प्रबंधात यावर एक सबंध प्रकरण आहे. ते मी स्वतः टाइप केले होते. त्यातल्या भिंतीची मला गंधवार्ता नव्हती.

मार्गदर्शकांना कसे सांगितलेत, असे मी विचारले. ताई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तीन दिवस नाही सांगितलं. तू तर पाऊण तासात सांगितलंस." तो पाऊण तास नव्हता, अर्धा तास होता. पण मी दुरुस्ती केली नाही.

सकाळी नऊला गठ्ठे बाइंडरकडे गेले.

पुढे जुलैत ग्रंथालयात भास्कराचार्यांच्या लीलावतीचे एक भाषांतर हाती आले. एकं, दहं, शतं आबांनी मला लहानपणी अब्जापर्यंत शिकवले होते. त्यांची शाळा सातवीपर्यंत, त्यांचे आकडेही तिथवरच. पुस्तकात त्यापुढचे सगळे होते. खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, आणि मग जलधी. मी बोटे मोजली. दहाचा चौदावा घात म्हणजे जलधी, समुद्र. ताईंना लगेच फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, हे प्रबंधात घालायला हवं होतं." घरी आबांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ पुटपुटत होते, नव्या नावांची जुन्यांशी चाल जुळवत होते. मग त्यांनी विचारले, "आन् त्यो अणू दिसतो का त्या यंत्रात?" मी म्हणाले, दिसत नाही, त्याचा हिशेब दिसतो. आबांचे समाधान झाले नाही. माझेही पुरते झालेले नाही.

नोव्हेंबरात ताईंची तोंडी परीक्षा झाली. त्या पुन्हा पेढे घेऊन दुकानात आल्या, आणि बरोबर परीक्षकांकडून परत आलेली एक प्रत. त्यांनी एकशे बारावे पान उघडून माझ्यापुढे धरले. तिथे एका ओळीच्या शेवटी १० होते आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला १४. मध्ये ओळ तुटली होती, म्हणून आम्ही संगणकाला १०१४ शोधायला सांगितले तेव्हा ते त्याला सापडले नव्हते, आणि डोळ्यांनी पाने चाळताना आमच्याही नजरेतून निसटले होते. परीक्षकांनी त्या चौदाभोवती पेन्सिलने बारीक गोल केला होता आणि एक बाण काढून तो वरच्या ओळीतल्या दहाच्या डोक्यावर नेऊन सोडला होता.